हात थांबला ती जागा

रोज सकाळी साडेपाचला प्रेमिला मेश्राम फोन तोंडाशी धरते आणि चौदा बायकांना उठवते.

"उठा वं बायांनो! कोरा चहा ठेवा. काल कोणं भजे खाल्ले असन तं खाल्ले, त्याचं रडगाणं नाही गायचं. आज नवा दिवस हाय. डब्यात जवसाची चटणी न्याले विसरू नका, अन् सासूनं टोमणा मारला तं तिलेबी थोडी चाखाले द्या!"

आवाज असा, की ऐकणारीला वाटावं ही बाई उशाशी उभी राहून आपलं पांघरूण ओढते आहे. 'हिरवं ताट' हे त्या व्हॉट्सॲप गटाचं नाव. दूध, तूप, अंडं, मटण सगळं बंद; शेतात उगवतं तेवढंच खायचं आणि वजन उतरवायचं, असा या बायकांचा नेम. नेम धरणं सोपं असतं, टिकवणं कठीण. ते टिकवून घ्यायचं काम प्रेमिलाचं.

निरोप गेला तरी ती फोन खाली ठेवत नाही. कोणी कोणी ऐकला ते बघत बसते. पहिलं नाव बहुतेक रोज एकच असतं, पुष्पलता. आणि पुष्पलताला जाऊन चौदा महिने झाले आहेत.

यात भुताखेताचं काही नाही. बँकेचे, गॅसचे मेसेज त्याच नंबरावर येतात, म्हणून तिची लेक दीक्षा आईचा फोन चालू ठेवते. गटातही ती त्याच नंबरावरून आहे. हे प्रेमिलाला पक्कं ठाऊक आहे. तरी ते नाव दिसलं की ती फोन पालथा घालते. कारण या बाईला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. ती जिवंत असताना सांगितली नाही, आणि ती गेल्यावर तिच्या लेकीलाही सांगायची हिंमत झाली नाही.

प्रेमिला काही जन्माची पालेभाजीवाली नव्हे. तिच्या घरी रविवार म्हणजे मटण, आणि मटण म्हणजे तेलाचा तवंग बोटभर. नवरा गोपाळराव, वीज मंडळातला रिटायर लाइनमन, अजूनही त्या तवंगावर जीव टाकून आहे. शेचाळीसाव्या वर्षी प्रेमिलाचं वजन एक्क्याण्णव किलो झालं, साखर वाढली, बुद्धविहाराच्या सहा पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागायला लागलं. तेव्हा ती नागपुरातच धंतोलीत एका आहारवाल्या मॅडमकडे गेली. मॅडमनं कागदावर काय खायचं नाही त्याची यादी लिहून दिली. यादी वाचून प्रेमिलाला वाटलं, मग उरलं काय? तर उरलं होतं बरंच. ज्वारीची भाकर, अंबाडी, तुरीच्या सोल्यांची उसळ, बेसनाच्या पातोडीचा रस्सा, शेंगदाण्याचं दही. दीड वर्षात एकोणीस किलो उतरलं. बायका विचारायला लागल्या, काय केलं वं, आणि त्यातून 'हिरवं ताट' उभं राहिलं.

धंदा तिचा शिवणाचा. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला टांगलेले ब्लाउज, पंचवीस वर्षं तेच काम. वस्तीतल्या निम्म्या बायकांच्या पाठी, खांदे, दंड तिला तोंडपाठ. शिवण ती उमरेडच्या क्लासात शिकली. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, टेपला जे दिसतं ते तोंडानं बोलायचं नाही. लग्न ठरलेली पोर चौथ्या महिन्याचं पोट घेऊन येते, एखादीच्या पाठीवर पट्ट्याचे वळ असतात, एखादीचा एक खांदा खाली असतो. शिवणारीनं गप्प राहायचं आणि कापडाला सांभाळून घ्यायला लावायचं. प्रेमिलानं हे इतकं पाळलं, की बायका तिच्यापुढे हात वर करून निर्धास्त उभ्या राहायच्या. तिला या गोष्टीचा अभिमान होता.

गटाची बैठक रविवारी सकाळी आठला, वंदना झाल्यावर विहाराच्या ओसरीवर. अख्खं नागपूर त्या वेळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर उभं असतं आणि तो वास ओसरीपर्यंत येतो, म्हणजे परीक्षा तिथूनच सुरू. आधी काट्यावर उभं राहायचं. पण काट्यात मजा नव्हती, मजा मापात होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकीनं आपला तोच जुना ब्लाउज घालून यायचा. प्रेमिला टेप लावायची. इंच कमी भरला की तो ब्लाउज फुकट आत घेऊन द्यायची आणि कापून निघालेली कापडाची पट्टी, त्या बाईच्या नावाखाली फळ्यावर टाचणीनं लावायची. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. पोह्यांचे पुडे घेऊन जाणारे बाप्ये थांबून बघायचे, ह्या बाया चिंध्यांपुढं टाळ्या काहून वाजवून राहिल्या म्हणून.

आणि एक नेम होता, तो प्रेमिलानंच घातला होता. इथे खचवणारं बोलायचं नाही. घरी नवरा बोलतो, सासू बोलते, शेजारीण बोलते. इथे आल्यावर नुसतं चांगलं. "हिंमत द्याची असन तं तोंड उघडा, नाही तं भाकर चावा," असं ती म्हणायची. गट टिकला तो या नेमामुळेच, हेही खरं.

पुष्पलता आली ती गट सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात. अंगणवाडीत सेविका. नवरा तरुणपणीच गेलेला, एकुलती लेक दीक्षा धंतोलीतल्या एका दवाखान्यात काउंटरवर कामाला. पुष्पलता उंच, भरलेली, हसली की खांदे हलायचे. वजन ब्याऐंशी. पहिल्या चार महिन्यांत तिचा काटा जागचा हलला नाही, कारण बाई पर्समध्ये पेढे ठेवायची. प्रेमिलानं तिला सोडलं नाही. रोज दुपारी फोन. "पुष्पे, पर्स उघड. काय हाय त्यात? खरं सांग." दोघी हसायच्या. दोघींची अशी मैत्री जमली, की प्रेमिला तिच्यासाठी रोज वेगळी भाजी सुचवायची आणि पुष्पलता तिच्यासाठी अंगणवाडीतल्या पोरांच्या गोष्टी राखून ठेवायची.

मग दिवाळीपासून चमत्कार झाल्यासारखं वजन उतरायला लागलं. महिन्याला दोन किलो, पुढच्या महिन्यात तीन. फळ्यावर तिच्या नावाखाली जांभळ्या कापडाच्या पट्ट्यांची रांग लागली. बायका विचारायच्या, काय खातेस? ती म्हणायची, "काहीच नाही वं. भूकच नाही लागत आता." आणि या वाक्यावर टाळ्या पडायच्या. भूक जिंकली म्हणून.

एकटी कांताबाई तेवढी बोलली होती. कांताबाई भाजी विकायची, तोंडानं फटकळ. एका रविवारी ती पुष्पलताच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "तुहं तोंड उतरलं वं, पुष्पे. बारीक होणं येगळं अन् वाळणं येगळं."

प्रेमिलाचा आवाज चढला. "कांताबाई, नेम काय हाय आपला?"

कांताबाई गप्प झाली आणि पिशवीतली भाजी उगाच खालीवर करत बसली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, जानेवारीच्या पहिल्या रविवारी, माप होतं. पुष्पलता हात वर करून उभी राहिली. अंगणवाडीतल्या कुठल्याशा पोराची गोष्ट सांगत होती. प्रेमिलानं मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडतात तिथल्या गोलाचं माप घ्यायला डाव्या काखेतून टेप फिरवली आणि तिचं मधलं बोट एका जागी थांबलं. कातडीखाली चिंचोक्याएवढं टणक काहीतरी होतं. ढकलून बघितलं तर सरकलं नाही.

बोट किती वेळ थांबलं? प्रेमिलानं हा हिशेब त्यानंतर हजारदा केला असेल. एक श्वास घेऊन सोडावा, तेवढा वेळ. तेवढ्या वेळात पुष्पलताही बोलता बोलता थांबली होती. तिनं मान वळवली नव्हती, समोर बघत होती. मग प्रेमिलानं टेप पुढे सरकवली आणि मोठ्यानं ओरडली, "दीड इंच! दीड इंच गेला, बायांनो!"

टाळ्या वाजल्या. पुष्पलता हसली. पोराची गोष्ट मात्र तिनं पुरी केली नाही.

प्रेमिला का बोलली नाही? उमरेडच्या बाईंचा धडा होता. तिचा स्वतःचा नेम होता, ज्यावरून तिनं पंधरा दिवसांपूर्वीच कांताबाईला गप्प केलं होतं. पण तिसरंही एक कारण होतं आणि ते तिनं कोणालाच सांगितलं नाही. तिला त्या टाळ्या आवडायच्या. पुष्पलताची जांभळी रांग ही तिचीही कमाई होती. दुसऱ्या वस्तीतल्या बायका ती रांग बघायला यायच्या. त्या रांगेला दृष्ट लागावी असं काही तिला त्या सकाळी बोलायचं नव्हतं. होते कोणालाही एखादी गाठ, जातेही आपोआप, नाही गेली तर नंतर सांगू, असं तिनं मनाला समजावलं आणि ब्लाउज आत घेतला.

आठ महिने गेले. सप्टेंबरात पुष्पलताचा ताप उतरेना, तेव्हा दीक्षानं तिला ओढत दवाखान्यात नेलं. स्वतःची लेक दवाखान्यात कामाला असून ही बाई तोवर गेली नव्हती. गाठ साधी नव्हती आणि एकटीही उरली नव्हती, पोटापर्यंत पसरली होती. किती दिवसांपासून आहे, असं डॉक्टरांनी विचारलं तर ती म्हणाली, माहीत नाही. डिसेंबरात ती गेली. शेवटी बत्तीस किलो वजन होतं.

माती देऊन आल्यावर दीक्षा प्रेमिलाच्या गळ्यात पडली. "मावशी, आई शेवटपर्यंत तुमचेच मेसेज ऐकत होती. सकाळी फोन कानाजवळ लावून दे म्हने. तुमच्यामुळं तिचे दिवस बरे गेले."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं प्रेमिलाला वाटलं. हे आभार तिच्या अंगावर दगडासारखे पडले.

तेव्हापासून तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट तिचं राहिलं नाही. कणीक मळताना ते मध्येच थांबतं आणि काहीतरी चाचपतं. तुरीच्या शेंगा सोलताना एखादा दाणा बोटाखाली आला की हात आखडतो. झोपलेल्या गोपाळरावांच्या मानेवरून तिनं कितीदा हात फिरवला असेल, ते दचकून उठून म्हणायचे, काय झालं वं? कोणाचंही माप घ्यायला गेली की काखेशी गाठ लागायची. प्रत्येकीच्या. पोरीबाळींच्यासुद्धा. दुसऱ्यांदा हात लावला की काही नसायचं. शेवटी तिनं माप घेणंच सोडलं. "नमुन्याचा ब्लाउज देऊन जा," असं गिऱ्हाइकांना सांगायला लागली. गटातला फळाही उतरवला, फक्त काटा ठेवला.

गोपाळरावांना तिनं गाठीचं सांगितलं होतं. ते म्हणाले, "तू काय डॉक्टर हायस? सुईदोऱ्याची बाई तू. तुले काय समजते त्यातलं."

"डॉक्टर नाही, म्हनूनच तं बोलाले पाहिजे होतं," ती म्हणाली. ते उठून अंगणात गेले.

गट बंद करायचंही तिनं ठरवलं होतं. दोन आठवडे निरोप टाकला नाही. तिसऱ्या आठवड्यात बायका घरी येऊन बसल्या. कोणाची साखर पुन्हा चढली होती, कोणी सरळ सावजीच्या मटणावर गेली होती. त्यांच्या मागे दीक्षा उभी होती. "आईचा ग्रुप बंद करता का, मावशी?" एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी साडेपाचला प्रेमिलानं फोन तोंडाशी धरला आणि गटात पुष्पलताच्या नावानं एक अंगठा उमटला. तो बघून प्रेमिला मोरीत जाऊन रडली.

दीक्षा दर रविवारी यायची. वजन जेमतेम चौपन्न, तिला उतरवायचं काहीच नव्हतं. "वाढू द्याचं नाही मले," म्हणायची. ओसरीच्या खांबाला टेकून बसायची, फारशी बोलायची नाही. प्रेमिला दर शनिवारी ठरवायची, उद्या सांगायचं. दर रविवारी दीक्षा हसून पाण्याची बाटली पुढे करायची आणि प्रेमिला पाणी पिऊन काट्याकडे वळायची. असे साठेक रविवार गेले.

मग मेघा आली. मेघा एकोणतीस वर्षांची, खाजगी शाळेत शिकवायची. मार्चमध्ये भावाचं लग्न होतं आणि तोवर तिला बारीक व्हायचं होतं. डिसेंबरात गटात आली आणि सात आठवड्यांत सात किलो उतरली. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी काट्यावरून अक्षरशः उडी मारून खाली आली. ब्लाउज अंगावर लोंबत होता.

"ताई, माप घ्या ना! मी ऐकलं, पयले तुम्ही माप घ्यायच्या अन् पट्टी लावायच्या. मले माही पट्टी पाहिजे."

"काटा हाय ना वं," प्रेमिला म्हणाली. "माप कायले पाहिजे?"

पण बायका पेटल्या होत्या. घ्या ना ताई, किती दिवस झाले, घ्या ना. प्रेमिलाची पिशवी खांबाशी होती. दीक्षानं तिच्यातून टेप काढली, उलगडली आणि आणून प्रेमिलाच्या हातात ठेवली. "घ्या मावशी," ती म्हणाली.

मेघा हात पसरून उभी राहिली. प्रेमिलानं छाती मोजली, कंबर मोजली. काखेशी बोट गेलं आणि नेहमीसारखं काहीतरी लागलं. पुन्हा लावलं, काही नव्हतं. तिनं सुस्कारा सोडला. मग गळ्याचं माप घ्यायला टेप खांद्यावरून पुढे आणली आणि गळ्याखालच्या उजव्या हाडाच्या वरच्या खळगीत बोट थांबलं. दोन गाठी. एकीला लागून दुसरी.

तिनं बोट उचललं. चौदा महिने हे बोट तिला फसवत आलं होतं, आताही फसवत असेल. डोळे मिटून तिनं पुन्हा ठेवलं. होत्या. तिसऱ्यांदा ठेवलं. होत्या. मेघाचं अंगही कढत होतं.

"ताप येतो का वं तुले?"

"संध्याकाळी थोडासा. पोरांवर ओरडून दमतो ना मी." मेघा हसली. "किती इंच, ताई?"

भोवती बायकांचे हात वर झाले होते, टाळीसाठी तयार. मेघाला नंतर बाजूला घेऊन सांगता आलं असतं. आपण त्या वेळीही असंच म्हटलं होतं, नंतर सांगू, हे तिला आठवलं आणि तिला स्वतःची भीती वाटली.

"टाळ्या नका वाजवू," ती म्हणाली. "मेघा, इथी गाठी हायत तुले. दोन. आजच्या आज डॉक्टरले दाखव."

मेघाचा चेहरा पडला, मग तिनं तो सावरला. "असू दे ना, ताई. होतात गाठी. भावाचं लग्न झाल्यावर पाहू. अन् तुमचाच नेम हाय ना, खचवणारं बोलायचं नाही?"

दोघीतिघी हसल्या. कोणी म्हणालं, हो ना, पोरीले काहून भेवाडता? प्रेमिलानं कांताबाईकडे बघितलं. ही तरी बोलेल असं तिला वाटलं. कांताबाई मान खाली घालून पिशवीतली मेथी निवडत होती. तिला गप्प राहायला प्रेमिलानंच शिकवलं होतं आणि ती ते शिकली होती.

आता एकच गोष्ट होती जी ऐकून मेघा जागची हलली असती. आणि ती ऐकायला दीक्षा चार हातांवर उभी होती. प्रेमिलाला वाटलं, आज ही पोर आपल्या तोंडावर थुंकेल. थुंकली तर थुंकू दे.

"पुष्पलताच्या काखेत मले गाठ लागली होती," ती म्हणाली. "ह्याच ओसरीवर, माप घेताना. डॉक्टरनं सांगाच्या आठ महिने पयले. मी बोलली नाही. दीड इंच गेला म्हनून ओरडली अन् तुमच्या सगळ्यांच्या टाळ्या घेतल्या. तवाच बोलली असती तं ती आज इथी बसली असती का, मले माहीत नाही. पण बोलली नाही मी."

रस्त्यावरचा पोहेवाला झारा आपटत होता. प्रेमिलानं दीक्षाकडे बघायचं टाळलं होतं, पण न बघून किती वेळ राहणार?

दीक्षाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिनं टेप प्रेमिलाच्या हातातून घेतली, गुंडाळून पिशवीत टाकली आणि मेघाला म्हणाली, "गाडीची चाबी दे. मोठे डॉक्टर आज नसतीन, पण कॅज्युअल्टीत कोनी तरी पाहीन. उद्याचा नंबर मी लावून देतो." मेघा काही बोलायच्या आत ती पायऱ्या उतरून गाडीवर बसलीसुद्धा.

मेघाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकावं, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. गाठी टीबीच्या निघाल्या. सहा महिन्यांच्या गोळ्या लागल्या. भावाच्या लग्नात ती ढगळ ब्लाउज घालून नाचली आणि तो आत घेऊ नका म्हणून तिनंच प्रेमिलाला सांगितलं.

पण त्या रविवारी दुपारी हे कोणाला ठाऊक नव्हतं. प्रेमिला मशीनपुढे बसून होती. जेवली नव्हती. गोपाळरावांनी दोनदा ताट वाढून परत झाकून ठेवलं होतं. तीनच्या सुमाराला दारात चपला वाजल्या आणि दीक्षा आत आली. गोपाळराव तिला बघून मागच्या खोलीत गेले.

"मेघाले ठेवून घेतलं का?" प्रेमिलानं विचारलं.

"नाही. सुई टाकून गाठीतलं पानी काढलं. रिपोर्ट परवा." दीक्षा स्टुलावर बसली. भिंतीवरचे ब्लाउज बघत राहिली.

"दीक्षा, मले माफ कर असं मी म्हनत नाही," प्रेमिला म्हणाली. "तू जे बोलशीन ते बोल."

"मले माहीत होतं, मावशी."

प्रेमिलाला आधी कळलंच नाही.

"आईनं सांगितलं होतं. जायच्या चार दिवस आधी. तिले ती गाठ तुमच्या आधीपासून माहीत होती. भेव वाटे म्हने, म्हनून कोनाले दाखवली नाही, मलेबी नाही. त्या दिवशी तुमचा हात थांबला, तं तिले वाटलं, चला, सुटली. आता प्रेमिलाताई बोलन अन् मले दवाखान्यात धाडन. तुम्ही टेप पुढं नेली. आईनं मनात म्हटलं, प्रेमिलाच्या हातातून हजार बाया गेल्या, ती काही बोलली नाही, म्हनजे काही नसन. अन् आई निवांत झाली."

आपली चूक या पोरीला ठाऊक नाही, या एका आडोशाला ती चौदा महिने उभी होती. तो आडोसा कधी नव्हताच. आणि चूक तिला वाटत होती त्यापेक्षा मोठी होती. ती नुसती गप्प राहिली नव्हती. तिच्या गप्प राहण्यानं एका घाबरलेल्या बाईला धीर दिला होता.

"मंग तू येत काहून होती?" तिनं विचारलं. "दर रविवारी माह्यासमोर काहून बसत होती?"

"पयले पयले पाहाले. तुम्ही कधी बोलता ते." दीक्षानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आतापर्यंत तिचा आवाज काउंटरवरच्यासारखा सपाट होता. "राग होता ना. लय राग होता, मावशी. अजूनबी हाय. पण मी दवाखान्यात काम करतो. रोज फायली पाहतो, आधी आईची, मंग तिच्याच लेकीची. छाती तपासाच्या मशीनखाली जायची हिंमत होत नाही माही. बाकीच्या बायांचे कागद माह्याच हातानं होते अन् माह्याच नावाचा कागद करता येत नाही."

ती उठली. ओढणी स्टुलावर ठेवली, प्रेमिलासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात वर केले. अगदी आईसारखे.

"माप घ्या," ती म्हणाली. "अन् हात थांबला तं बोला."

"मी नाही वं. मले सगळीकडं लागते. माह्या बोटाचा भरवसा नाही राहिला."

"घ्या."

प्रेमिलानं टेप घेतली नाही. नुसता हात पुढे केला. उजव्या काखेत बोटं फिरवली, हळू, सगळीकडे. मग डाव्या. ते मधलं बोट ठरलेल्या जागी गेलं आणि थांबलं. ती समोर बघत होती, मान वळवत नव्हती. प्रेमिलानं बोट उचललं, पुन्हा ठेवलं, दाबलं, बाजूला सरकवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"काही नाही हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "दीक्षा, ऐक. काही नाही हाय इथी. पण मी सुईदोऱ्याची बाई हावो. उद्या माह्यासंगं चाल अन् मशीनवर पाहून घे."

दीक्षानं मान हलवली. पण हात खाली घेतले नाहीत.

"परत एकदा पाहा, मावशी," ती म्हणाली.